वाचकांचे प्रश्न : मॉरिशस, किनाऱ्यापलीकडचे

मागच्या अंकातील परदेशी सहलींच्या टिपणात आम्ही मॉरिशसची ‘नवविवाहितांचे आवडते बेट’ अशा एका ओळीत बोळवण केली होती. त्यावर बरीच पत्रे आली, आणि त्यांतील काही चांगलीच खरमरीत होती. पत्रलेखकांचे म्हणणे योग्य आहे. ज्या देशात मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेशोत्सवाची राष्ट्रीय सुट्टी असते, त्या देशाला मराठी मासिकाने तरी एका ओळीत उरकायला नको होते. म्हणून या महिन्याचे सदर त्या बेटासाठी राखून ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : मॉरिशस हा आफ्रिकेतील देश म्हणतात, पण तेथे जाऊन आलेले नातेवाईक सांगतात की रस्त्यावर सगळे आपल्याकडचेच चेहरे दिसतात. मग तेथील मूळ रहिवासी कोण? (पुणे)

उत्तर : मूळ रहिवासी असे तेथे कोणीच नाहीत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे 2,000 किलोमीटरवर आणि मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर, ज्वालामुखीतून समुद्राबाहेर आलेले हे बेट कधीही कोणत्याही खंडाला जोडलेले नव्हते. त्यामुळे वटवाघळे वगळता जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तेथे आपला आपण पोहोचला नाही, मग माणसाचे तर नावच नको. अरब दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होते, सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी ते पाहिले, परंतु वस्ती कोणी केली नाही. 1598 मध्ये डच जहाजे तेथे लागली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. 1638 पासून डचांनी दोनदा वसाहत करून पाहिली, एबनीच्या काळ्याभोर लाकडाची जंगले तोडली, जावाकडून ऊस आणि हरणे आणली आणि 1710 मध्ये कंटाळून गाशा गुंडाळला. पुढे 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये ब्रिटिश आले आणि 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रा 12 मार्चला सुरू झाली होती, म्हणून ही तारीख मुद्दाम निवडण्यात आली. 1992 मध्ये प्रजासत्ताकाची घोषणाही त्याच तारखेला झाली. गांधीजी स्वतः 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना वाटेत काही दिवस या बेटावर थांबले होते.

आजच्या साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत; उरलेल्यांत आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज, चिनी व्यापाऱ्यांची कुटुंबे आणि फ्रेंच जमीनदारांची मोजकी घराणी येतात. मुख्य बेट, पूर्वेला सुमारे 600 किलोमीटरवरचे रॉड्रिग्ज आणि इतर लहान बेटे मिळूनही देशाची जमीन सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी भरते. राजकीयदृष्ट्या तो आफ्रिकी संघाचा सदस्य आहे, म्हणून ‘आफ्रिकेतील देश’ हे वर्णन चुकीचे नाही, मात्र तेथील प्रत्येक घराण्याची कहाणी कुठल्या ना कुठल्या जहाजापासून सुरू होते.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ ‘मोरसला गेले ते परत आले नाहीत’ असे आमच्या घरात सांगत. मोरस म्हणजे मॉरिशसच का? त्यांचा काही माग आज लागू शकेल का? (रत्नागिरी)

उत्तर : होय, मोरस म्हणजे मॉरिशसच. त्या बेटावरून येणाऱ्या दाणेदार पांढऱ्या साखरेला जुन्या मराठीत ‘मोरस साखर’ म्हणत, आणि गुजरातीत तर ‘मोरस’ या शब्दाचा अर्थच साखर असा झाला. ती साखर तयार करणारे हात कोणाचे होते, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असे.

1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. उसाचे मळे चालवायला स्वस्त मजूर कोठून आणायचे, हा प्रश्न मळेवाल्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कोलकात्याहून आलेले 36 मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले, आणि ज्याला आपण गिरमिट म्हणतो त्या करारपद्धतीचा हा पहिला मोठा प्रयोग ठरला. गुलामांच्या जागी करारबद्ध ‘मुक्त’ मजूर वापरता येतात का, हे ब्रिटिश सरकारला पाहायचे होते. तो यशस्वी वाटला म्हणून पुढे गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ, फिजी येथेही तीच पद्धत गेली. मजुरांच्या हालअपेष्टांच्या बातम्यांमुळे 1830च्या दशकाच्या अखेरीस भारतातून होणारी ही पाठवणी थांबवावी लागली होती, पण 1842 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या एका लहानशा बेटावर उतरली. बहुतेक जण बिहार व पूर्व उत्तर प्रदेशाचे, त्यांखालोखाल मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले त्यामानाने थोडे, आणि त्यांत कोकणातले व घाटावरचे मराठी लोक होते.

करार साधारणपणे 5 वर्षांचा आणि पुरुषाला महिना 5 रुपये असा असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘दुहेरी कपात’ ही तेथील पद्धत इतकी बदनाम झाली की 1871 मध्ये मजुरांच्या वतीने हजारो सह्या-अंगठ्यांचा अर्ज सादर झाला आणि ब्रिटिश सरकारला शाही चौकशी आयोग नेमावा लागला. विशेष म्हणजे हा अर्ज घडवून आणणारा अडोल्फ द प्लेव्हित्झ हा स्वतः मळेवाल्यांच्या वर्गातला गोरा माणूस होता, आणि त्याबद्दल त्याच्याच लोकांनी त्याला मारहाण केली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि नोंदवहीत नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव किंवा जिल्हा, जहाज व अंगावरच्या खुणा लिहिल्या जात. 1860च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहे आणि तेथे वंशशोधाची सोय आहे. क्रमांक माहीत नसल्यास नाव, वडिलांचे नाव आणि निघाल्याचा अंदाजे काळ एवढे तरी हाती हवे. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आडनाव शोधत बसू नका. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल ते लिहिले, पुढच्या पिढीत आजोबांचे किंवा वडिलांचे पाळण्यातले नाव हेच आडनाव झाले, त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांची आडनावे सखाराम, भिवाजी, बाबाजी अशी आढळतात. आपले ‘कर’ लावलेले आडनाव तेथे भेटण्याची शक्यता कमी. गावाच्या रकान्यात तर कधी कधी नुसते ‘मुंबई’ असते, कारण जहाज तेथून सुटले होते.

स्वतः जाणे जमले तर पोर्ट लुईसमधील आप्रवासी घाट पाहिल्याशिवाय परतू नये. 1849 मध्ये उभारलेल्या या तळाचा बराचसा भाग पुढे रस्त्यासाठी पाडला गेला, तरी बोटीतून उतरल्यावर मजूर ज्या 16 दगडी पायऱ्या चढून वर येत त्या शिल्लक आहेत. 2006 मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाहायला म्हणाल तर थोड्या भिंती, फरशी, न्हाणीघरांचे अवशेष. सहलीच्या गाड्या येथे पंधरा मिनिटे थांबतात. आपल्यासारख्याने तेथे निदान अर्धा दिवस काढावा.

प्रश्न : दीडशे वर्षांहून अधिक काळ राज्य ब्रिटिशांचे होते, तरी तेथे सर्रास फ्रेंच कशी ऐकू येते? (नागपूर)

उत्तर : याचे श्रेय शरणागतीच्या अटींना द्यावे लागेल. फ्रेंचांच्या काळात बेटाचे नाव ‘इल द फ्रान्स’ होते, आणि 1735 मध्ये आलेल्या माहे द ला बूर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुईसला खरे बंदर बनवले. गोदी, दवाखाना, रस्ते बांधण्यासाठी त्याने पाँडिचेरीकडून तमिळ कारागीरही आणले होते, म्हणजे गिरमिटियांच्या शंभर वर्षे आधीपासून तेथे भारतीय होते. भारतात जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांना या बेटावरून फार त्रास होई. ऑगस्ट 1810 मध्ये ग्रांपोर्टच्या लढाईत फ्रेंच आरमाराने ब्रिटिशांना असे हरवले की त्या विजयाचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरले आहे. गंमत म्हणजे त्यानंतर चारच महिन्यांत ब्रिटिशांनी उत्तरेकडून सैन्य उतरवून सबंध बेट घेतले, आणि ती कमान बघणाऱ्यांना याची कल्पना नसते.

जिंकणाऱ्यांना बेट हवे होते ते समुद्री मार्गावरचा धोका घालवण्यासाठी. तेथे इंग्रज वसवण्यात त्यांना रस नव्हता. म्हणून रहिवाशांचे कायदे, भाषा, धर्म आणि चालीरीती तशाच राहतील असे वचन त्यांनी दिले आणि बव्हंशी पाळले. परिणामी आज संसदेचे कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये, दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा, शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे आणि घरातले बोलणे क्रेओलमध्ये, अशी विभागणी तयार झाली आहे. क्रेओल ही गुलाम आणि मालक यांच्या व्यवहारातून घडलेली भाषा. शब्द बहुतांशी फ्रेंच, घडण स्वतंत्र. 2012 पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. तेथील बाजारात भाजी घेताना लोणच्याला ‘अशार’, भेंडीला ‘लालो’, वांग्याला ‘ब्रेंझेल’ असे शब्द कानावर पडले की त्या भाषेत किती बंदरांचे पाणी मिसळले आहे ते कळते.

भाषेवरून तंटे होत नाहीत असे मात्र नाही. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी देवनागरी छापली गेली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या.

प्रश्न : मी इयत्ता सातवीत आहे. आमच्या पुस्तकात डोडो पक्ष्याचे चित्र आहे. मॉरिशसला गेल्यावर डोडोचे काही बघायला मिळते का? तो इतका बावळट होता का? (कोल्हापूर)

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण या पक्ष्यावर मोठा अन्याय झाला आहे. डोडो हा कबुतरांच्या कुळातला, मोठा झालेला, उडणे सोडून दिलेला पक्षी होता. ज्या बेटावर पकडून खाणारा एकही चौपायी प्राणी नाही तेथे उडण्यासाठी लागणारे बळ खर्च कशाला करायचे? तो माणसांना घाबरत नव्हता, कारण त्याने माणूस पाहिलेलाच नव्हता. डच खलाशांनी त्याला बावळट ठरवले, पण त्याला संपवले ते मुख्यतः जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. डोडो जमिनीवर घरटे करी, आणि या पाहुण्यांना अंडी आयती मिळाली. डच 1598 मध्ये आले आणि जिवंत डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद 1662 मधली आहे. किती वर्षे झाली ते तूच मोज.

पाहायचे म्हणशील तर पोर्ट लुईसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात एका डोडोचा सांगाडा आहे. जगात इतरत्र आहेत ते बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून केलेले आहेत. हा मात्र एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण असा आहे, आणि तो शोधून काढला निसर्गाची हौस असलेल्या एका न्हाव्याने, एटिएन थिरिऊने. देशाच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूला डोडो आणि दुसऱ्या बाजूला हरीण उभे आहे. हरीण परदेशातून आणलेले, आणि तेच टिकले. डोडो तिथलाच, आणि तो गेला.

आई-बाबांना सांगून दक्षिणपूर्व किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या टिकलीएवढ्या बेटावर मात्र जरूर जा. तेथे परकी झाडे-प्राणी काढून टाकून जुने जंगल पुन्हा उभे करण्याचे काम चालू आहे. मॉरिशसची स्वतःची राक्षसी कासवे नामशेष झाल्यामुळे अल्दाब्रा बेटांवरची कासवे आणून सोडली आहेत. ती एबनीची फळे खातात आणि बिया दूरवर पेरत फिरतात. गुलाबी कबूतरही तेथे दिसते. 1990च्या सुमारास रानात अशी जेमतेम दहा कबुतरे उरली होती. मॉरिशसच्या खरुची नावाच्या छोट्या ससाण्याची अवस्था त्याहून वाईट होती. 1974 मध्ये जगभरात रानातले फक्त 4 पक्षी ठाऊक होते. अंडी उबवून, पिल्ले वाढवून, पुन्हा सोडून त्यांची संख्या शेकड्यांवर नेण्यात आली. डोडोच्या देशात हे घडले, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : मॉरिशसमध्ये गणेशोत्सव आपल्यासारखाच दहा दिवसांचा असतो का? आणि ‘गंगा तलाव’ म्हणतात तो काय प्रकार आहे? (डोंबिवली)

उत्तर : सार्वजनिक मंडपाचा आणि दहा दिवसांच्या आराशीचा उत्सव डोळ्यांसमोर असेल तर तो बाजूला ठेवावा. तेथील गणपती मुख्यतः दीड दिवसाचा आहे, आणि सरकारी सुट्टीही बहुतेक वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला असते. लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याआधी कोकणातून निघालेल्या माणसांनी बरोबर नेला तो घरचा गणपती. त्यामुळे तो दीड दिवसाचा राहिला यात नवल नाही. मराठी वस्ती विशेषकरून पश्चिमेच्या आणि मध्याच्या भागात, व्हाकवा, हेन्रिएटा, बांबू, कास्कावेल या गावांकडे आहे. विसर्जनाला मिरवणुकी नदीवर किंवा समुद्रावर जातात, पुरणपोळी होते, आणि ‘झाकरी’ नाचतात. झाकरी म्हणजे कोकणातली आपली जाखडीच; शब्दाचे उच्चार वाटेत थोडे घासले गेले एवढेच. गीते सांभाळणाऱ्या अनेकांना त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता येत नाही, पण ठेका आणि फेर चुकत नाही. घरातली मराठी बोली मागे पडली आहे, हे मान्य करायला हवे. ती टिकली आहे ती शाळेतील विषय, महात्मा गांधी संस्थेतील मराठी विभाग, मंडळांची भजने आणि दरवर्षी होणारी नाट्यस्पर्धा यांच्या आधारावर. क्रेओलमध्ये विचार करणारी मुले मराठी नाटकाचे संवाद पाठ करून रंगमंचावर उभी राहतात, तेव्हा आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतील मुलांशी त्यांची तुलना करण्याचा मोह आवरतो एवढेच म्हणतो.

गंगा तलाव हे दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असलेले ज्वालामुखीच्या मुखातील सरोवर आहे. फ्रेंच नाव ग्रां बासें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात या सरोवराचा गंगेशी संबंध असल्याचा दृष्टांत झाला आणि तेथे पायी यात्रा सुरू झाली. 1972 मध्ये भारतातून आणलेले गंगाजल सरोवरात सोडण्यात आले. महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत पांढऱ्या वस्त्रांतील लाखो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यांतून बांबू, कागद व आरशांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन चालत येतात, वाटेत इतर धर्मांचे लोकही त्यांना सरबत आणि फळे देतात. पंढरीची वारी पाहिलेल्याला ते दृश्य परके वाटणार नाही. काठावरची 108 फूट उंचीची शिवमूर्ती 2007 ची, वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातील मूर्तीच्या धर्तीवर घडवलेली आहे. तिच्यासमोर तेवढ्याच उंचीची दुर्गा आहे. या प्रचंड मूर्तींमुळे छायाचित्रे चांगली येतात, पण धुक्याच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन नुसते पाणी पाहावे असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘सेगा’ नावाचा नाच हॉटेलात दाखवतात तो खरा का? (मडगाव)

उत्तर : हॉटेलातला खोटा नव्हे, पण धुऊन-पुसून ठेवलेला असतो. सेगा हा गुलामांचा नाच. मळ्यावरचे काम संपल्यावर किनाऱ्यावर शेकोटी पेटवायची, तिच्या उबेवर ‘राव्हान’ या बकऱ्याच्या कातड्याच्या मोठ्या डफाचे कातडे ताणून घ्यायचे, बियांनी भरलेली ‘माराव्हान’ पेटी हलवायची, तिकोणावर ठोका धरायचा आणि मालकावर, नशिबावर, प्रेमावर तिथल्या तिथे रचलेले बोल गायचे. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवरून जवळजवळ उचललेच जात नाहीत. 2014 मध्ये युनेस्कोने या पारंपरिक सेग्याची नोंद अमूर्त वारशात केली, 2016 मध्ये भोजपुरी लग्नगीतांच्या ‘गीत-गवाई’ची आणि 2017 मध्ये रॉड्रिग्ज बेटावरील ढोलाच्या सेग्याची. म्हणजे सव्वा-दीड कोटीच्या शहरालाही हेवा वाटावा अशी नोंदवही या देशाची आहे.

सेगा समजून घ्यायचा तर नैर्ऋत्य टोकावरचा ल मॉर्न हा 556 मीटर उंचीचा उभा कातळ पाहावा. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावरच्या आणि कपारीतल्या गुहांत लपून राहत. लोककथा अशी की 1835 मध्ये स्वातंत्र्याची बातमी सांगायला शिपायांची तुकडी वर चढू लागली, तेव्हा आपल्याला पुन्हा पकडायला आले आहेत असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. याला कागदोपत्री पुरावा नाही. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांनी आपला इतिहास असाच सांगितला, आणि क्रेओल समाजासाठी, म्हणजे गुलामांच्या वंशजांसाठी, तो खरा आहे. 2008 मध्ये हा डोंगर जागतिक वारसा झाला. वाटाड्या बरोबर घेऊन वर चढता येते. शेवटचा टप्पा खडा आणि घसरडा आहे, पावसात तो प्रयत्न करू नये.

प्रश्न : मी तिकिटे जमवतो. मॉरिशसची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटे प्रत्यक्ष पाहता येतात का? त्यांवर चुकीचे शब्द छापले गेले म्हणून ती दुर्मीळ, हे खरे का? (ठाणे)

उत्तर : चुकीची गोष्ट दंतकथा आहे. 1847 मध्ये जोसेफ बार्नार्ड या स्थानिक कोरक्याने ताम्रपटावर एक पेनीचे तांबूस नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे तिकीट कोरले, प्रत्येकी 500 छापली, आणि ‘पोस्ट ऑफिस’ हे शब्द त्याने तसेच घालायचे होते म्हणून घातले. पुढच्या आवृत्तीत ‘पोस्ट पेड’ आले, त्यावरून कोणीतरी विसरभोळ्या कारागिराची कथा रचली. बरीच तिकिटे गव्हर्नरच्या पत्नीच्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांवर लागून संपली. आज दोन्ही मिळून सत्तावीसच्या आसपास उरली आहेत.

आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट आहे. एक पेनीची दोन तिकिटे लावलेले जे प्रसिद्ध पाकीट आहे, त्यावरचा पत्ता मुंबईचा आहे. तेथील बायबल सोसायटीला पाठवलेले हे पत्र 1897 मध्ये भारतातल्या बाजारात सापडले आणि 1968 मध्ये 3,80,000 डॉलरला विकले गेले. मॉरिशसमधील बँका व कंपन्यांनी 1993 मध्ये वर्गणी काढून दोन्ही प्रकारांचे एकेक तिकीट मायदेशी परत आणले, आणि ती पोर्ट लुईसच्या बंदराकाठच्या ब्लू पेनी संग्रहालयात ठेवली आहेत. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडी मिनिटेच दिवा लावतात, बाकीच्या वेळी प्रतिकृती दिसतात; तेव्हा तिकीटघरावर वेळ विचारूनच आत जावे.

प्रश्न : जानेवारीत सहा दिवसांसाठी आई-वडिलांना घेऊन जायचे आहे, दोघेही शाकाहारी आहेत. काय पाहावे? समुद्राखालचा धबधबा त्यांना दाखवता येईल का? (नाशिक)

उत्तर : जमत असेल तर जानेवारी टाळावा. तेथे तेव्हा उन्हाळा असतो, दमट उष्मा असतो आणि जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य काळ आहे. वरच्या दर्जाचा इशारा लागला की वाहतूक व दुकाने बंद होतात आणि हॉटेलच्या खोलीत बसून राहावे लागते. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि गार असते. फक्त त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो, म्हणून मुक्काम उत्तरेला किंवा पश्चिमेला ठेवावा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, वाहने डाव्या बाजूने, आणि पर्यटनासाठी भारतीय पारपत्रावर आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या सोयीचे कागद मात्र हाताशी हवेत.

समुद्राखालचा धबधबा हा डोळ्यांचा भास आहे. ल मॉर्नजवळ किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र एकदम खोल होतो, वाळू व गाळ त्या उतारावरून सरकत जातात आणि रंगांच्या छटांमुळे पाणी कोसळते आहे असे वाटते. तो दिसतो फक्त आकाशातून, म्हणजे हेलिकॉप्टरची फेरी घ्यावी लागते, आणि तिचा खर्च थोडाथोडका नाही. आई-वडिलांना त्यापेक्षा पाँप्लेमूसची बाग अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र याने डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी जायफळ व लवंगेची रोपे मोलुक्का बेटांकडून चोरट्या मार्गाने मिळवून येथे वाढवली. परातीएवढ्या पानांची राक्षसी कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालीपत माड तेथे आहेत. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्यावर 1985 मध्ये याच बागेत अंत्यसंस्कार झाले आणि बागेला आता त्यांचेच नाव आहे. तेथून जवळच बो प्लाँ येथे बंद पडलेल्या साखर कारखान्यात उसाचे संग्रहालय आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातून जाणाऱ्याने ते सोडू नये. एक दिवस शामारेलच्या सप्तरंगी मातीसाठी आणि वाटेवरच्या ब्लॅक रिव्हर दऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवावा. बेसॉल्ट झिजून झालेल्या मातीतील लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे ते रंग आले आहेत. मऊ सकाळच्या उन्हात ते खुलतात, भर दुपारी फिके दिसतात.

जेवणाची काळजी करू नये. ‘ढोल पुरी’ म्हणजे शिजवलेल्या, वाटलेल्या पिवळ्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी. बिहारची दालपुरी येथे येऊन राष्ट्रीय खाऊ झाली आहे. पुरणपोळीच समजून तोंडात घातली तर फसगत होते, कारण ती तिखटामिठाची असते. रस्त्यावरचा विक्रेता दोन-दोनच्या जोडीने, वालाच्या उसळीसारखी घेवड्याची भाजी, टोमॅटोचे ‘रुगाय’ आणि हिरव्या मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतो. मिरची कमी हवी असल्यास घालण्याआधीच सांगावे; एकदा हात फिरला की उपाय नाही, आणि मग सब्ज्याचे बी घातलेला थंड दुधाचा ‘आलूदा’, म्हणजे आपला फालुदा, शोधत मंडईच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते.